सिगारेटच्या पाकिटातले फुटबॉलपटू : जुनी कार्डं कशी जमवावीत

एकेकाळी इंग्लंडमध्ये सिगारेटच्या पाकिटात फुटबॉलपटूंची चित्रं छापलेली छोटी कार्डं येत, ती जमवण्याबद्दल हे लिहिते आहे. सुरुवात एका मनाईनेच करते. पहिलं कार्ड स्टीव्ह ब्लूमरचं घेऊ नका. इंग्लंडकडून 23 सामन्यांत 28 गोल करणारा हा डर्बी काउंटी या क्लबचा माणूस. 1914 च्या जुलैत प्रशिक्षक म्हणून बर्लिनला गेला आणि पहिलं महायुद्ध पेटताच तिथल्या रूलेबेनच्या कैद्यांच्या छावणीत अडकला. त्याचं कार्ड आपल्याकडे असावं असं मलाही वाटलं होतं. सगळ्यांनाच वाटतं, म्हणून त्याची बनावट कार्डंही निघतात. नोकरीनिमित्त डर्बीत आल्यावर तिसऱ्या वर्षी कार्डांच्या एका बाजारात मी चाळीस पौंड मोजून ते घेतलं आणि फसले. ती हकीकत पुढे येईलच.

आधी एक संच ठरवा. ब्रॅडफर्डच्या जॉन बेन्सने 1880 च्या दशकात ढालीच्या आकाराची फुटबॉल कार्डं काढली. ती सुंदर आहेत, पण नवशिक्यासाठी नाहीत. पुढे, साधारण 1896 पासून, तंबाखू कंपन्यांनी पाकीट दबू नये म्हणून आत घातलेल्या पुठ्ठ्यावर खेळाडू छापले : ब्रिस्टलची विल्स, नॉटिंगहॅमची प्लेयर्स, लिव्हरपूलची ऑग्डेन्स, बेलफास्टची गॅलहर, इप्सविचची चर्चमन. 1940 मध्ये दुसऱ्या महायुद्धातल्या कागदटंचाईमुळे ही कार्डं बंद पडली. म्हणजे आपलं मैदान साधारण 1896 ते 1940. त्यात चर्चमनचा 1938 चा 50 कार्डांचा संच, किंवा गॅलहरचे 1925 आणि 1926 चे 50-50 चे संच घ्या. गॅलहरच्या पहिल्या संचाची पाठ हिरवी आहे, दुसऱ्याची तपकिरी. कोपरे झिजलेलं 1930 च्या दशकातलं साधं कार्ड एक-दोन पौंडांत मिळतं. मिळेल ते उचलत गेलात तर पाच वर्षांनी शंभर कार्डं असतील आणि संच एकही नसेल.

विकत कुठे घ्यावं? कार्डांचे बाजार, नावाजलेले व्यापारी, ऑनलाइन लिलाव. विक्रेत्याने पाठीचा फोटो टाकला नसेल तर मागा. दिला नाही तर सोडा.

विक्रेत्याने सांगितलेल्या सालावर विश्वास ठेवू नका, खेळाडूच्या अंगावरचा क्लब बघा. ब्लूमर 1906 मध्ये मिडल्सब्रोला गेला आणि 1910 मध्ये डर्बीला परतला. मिडल्सब्रोचा ब्लूमर असलेलं कार्ड ‘1900 चं’ म्हणून विकत असतील तर ते चूक आहे, मग चूक अज्ञानाची असो वा हेतूची. अल्फ कॉमनचंही तसंच. 1905 च्या फेब्रुवारीत मिडल्सब्रोने त्याला संडरलंडकडून 1,000 पौंडांना घेतलं. हजार पौंडांना विकला गेलेला तो पहिला खेळाडू. 1910 मध्ये तो आर्सेनलला गेला. या बदल्यांच्या तारखा एका वहीत लिहून ठेवा, कार्ड कोणत्या वर्षांमधलं असेल हे त्यावरून कळतं. मला हा भाग फार आवडतो. एवढ्याशा पुठ्ठ्यावर माणूस त्याच्या एखाद्या हंगामात थांबलेला असतो. पाठीवरच्या चार ओळी लिहिणाऱ्याला पुढचं काहीच ठाऊक नसतं.

आता खरा अवघड टप्पा : कार्ड मूळ आहे की पुनर्मुद्रण, हे ओळखणं. जुन्या संचांची पुनर्मुद्रणं उघडपणे निघालेली आहेत आणि त्यात गैर काही नाही. गैर आहे ते त्यांना घासून, मळवून जुनं म्हणून विकणं. याबाबत मिळणारे बहुतेक सल्ले घातक आहेत, म्हणून इथे सावकाश जाऊ.

पहिला घातक सल्ला : ‘पिवळं पडलेलं म्हणजे जुनं.’ चहाच्या पाण्यात कोणताही कागद पिवळा होतो. खरं वय कडांकडून आत येतं, सगळीकडे सारखं नसतं. चहाचा रंग मात्र सपाट पसरतो आणि घडी किंवा ओरखडा असेल तिथे गडद होतो. माझ्या त्या ब्लूमरचा रंग असाच होता, पोह्याच्या पापडासारखा एकसारखा. मला तेव्हा तो जुनाट आणि गोड वाटला.

दुसरा : ‘भिंगातून ठिपके दिसले तर नकली.’ हा सल्ला तर मी स्वतः वर्षभर इतरांना देत होते. ठिपक्यांत छायाचित्र छापण्याची पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे, त्यामुळे अस्सल कार्डांतही ठिपके असतात. त्या समजुतीपायी मी चांगली दोन कार्डं परत केली. उलट ऑग्डेन्सच्या गिनी गोल्ड मालिकेसारखी काही कार्डं म्हणजे खरीखुरी छायाचित्रं आहेत. त्यांत ठिपका दिसता कामा नये.

मग बघायचं काय? दहापटीचं भिंग घ्या. सराफ आणि घड्याळजी डोळ्याला लावतात ते चालतं. दिव्याखाली कार्ड सपाट ठेवा आणि भिंग चित्रावर नेऊ नका, खालच्या नावावर न्या. मूळ कार्डात नाव बहुधा भरीव शाईत छापलेलं असतं : अक्षर सलग, कड स्वच्छ. काही जुन्या छपाईत अक्षराच्या कडेला दाबल्या गेलेल्या शाईची बारीक गडद किनारही दिसते. पुनर्मुद्रण मूळ कार्डाचा फोटो काढून केलेलं असेल तर चित्राबरोबर नावही ठिपक्यांत फुटतं. त्या बाजारातून घरी आल्यावर एका जुन्या संग्राहकाने माझ्या हातात भिंग दिलं आणि म्हणाला, ‘फक्त बी वाच.’ ब्लूमरच्या नावातला पहिलाच बी. नुसत्या डोळ्याला काळा दिसणारा तो बी भिंगाखाली निळ्या, गुलाबी आणि पिवळ्या ठिपक्यांचा होता. त्याची कड रव्यासारखी विस्कटलेली. चाळीस पौंड त्या एका अक्षरात गेले.

इथे थांबू नका, कारण चांगल्या पुनर्मुद्रणात नाव नव्याने, भरीव छापलेलं असतं. मग चित्राकडे वळा. निळा, गुलाबी, पिवळा आणि काळा या चार रंगांचे ठिपके एकमेकांत गुंफून छोट्या फुलांची नियमित जाळी झालेली दिसली, तर संशय घ्या, आजची ऑफसेट छपाई बहुधा अशीच दिसते. मूळ कार्ड एकरंगी असेल तर ठिपकेही एकाच रंगाचे हवेत. तपकिरी छायाचित्रात गुलाबी ठिपका आढळला की निकाल लागला.

त्यानंतर अतिनील टॉर्च, 365 नॅनोमीटरचा. अंधाऱ्या खोलीत कार्डावर मारा. 1950 च्या सुमारापासून कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात रसायन घालू लागले आणि ते या प्रकाशात निळसर-पांढरं झळकतं. युद्धापूर्वीचा पुठ्ठा मंद, निस्तेज राहतो. पण हा पुरावा एकाच दिशेने चालतो, हे पक्कं लक्षात ठेवा. सगळं कार्ड झळकलं तर ते 1930 चं नाही. झळकलं नाही म्हणून ते अस्सल ठरत नाही, कारण ते रसायन नसलेला कागद आजही मिळतो. आणि एखादाच डाग झळकला तर तो नंतर लागलेला डिंक किंवा साबण असू शकतो. तेवढ्यावरून चांगलं कार्ड टाकून देऊ नका.

या सगळ्यापेक्षा मोठा उपाय साधा आहे. ज्या संचातलं महाग कार्ड हवं, त्याच संचातली सर्वांत फाटकी, कोणाला नको असलेली पाच-सहा कार्डं आधी घ्या. दोन-चार पौंडांची ती कार्डं आठवडाभर भिंगाखाली धरा : अक्षरं, पुठ्ठ्याची जाडी, पाठीवरच्या शाईची छटा, बोटांना लागणारा पोत. एवढा खोटेपणा फाटक्या, स्वस्त कार्डावर कोणी करत नाही. मग महाग कार्ड त्यांच्या शेजारी ठेवा. मी हे ब्लूमरच्या आधी केलं असतं तर भिंगाचीही गरज पडली नसती. पुठ्ठा हातात घेताच कळलं असतं.

कापलेल्या कडांसाठीही हीच पाच-सहा कार्डं कामाला येतात. प्रमाण आकार साधारण 68 बाय 36 मिलिमीटर, पण कारखान्यातही थोडं कमी-जास्त होई, म्हणून नुसत्या पट्टीवर विसंबू नका. कार्डांची चवड टेबलावर ठोकून सरळ करा आणि कडा बघा. तीन कडा मळकट आणि एक ताजी, पांढरी असेल तर झिजलेला कोपरा लपवायला तिथे कात्री चालली आहे. असं कार्ड निम्म्या किमतीतही मी घेत नाही.

अल्बममध्ये चिकटवलेली कार्डं पाण्यात भिजवून सोडवू नका. 1930 च्या दशकात पाठीला डिंक लावलेली कार्डं आणि एका पेनीचे अल्बम निघत, म्हणून ती अशी मिळतात. भरलेला अल्बम तसाच ठेवा. त्या काळच्या एखाद्या पोराने ती ओळीने लावलेली असतात, कधी वेडीवाकडी, कधी खाली पेन्सिलीने शेरा लिहून.

ठेवण्यासाठी पॉलिप्रॉपिलिनची किंवा पॉलिएस्टरची पानं वापरा, पीव्हीसीची नाही. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घाला आणि महिन्यातून एकदा उघडून कसर लागली नाही ना ते बघा.

डिक्सी डीनच्या कार्डावर मात्र थोडे जास्त पैसे घालायला हरकत नाही. एव्हर्टनकडून 1927-28 च्या एका लीग हंगामात 60 गोल, हा इंग्लंडच्या लीगमधला विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. तो मैदानावरच वारला, 1980 च्या मार्चमध्ये, एव्हर्टनच्या तेव्हाच्या गुडिसन पार्क मैदानावर लिव्हरपूलविरुद्धचा सामना बघताना. माझ्याकडचं त्याचं कार्ड एका कोपऱ्यात दुमडलेलं आहे. नाव भरीव, काळं, सलग. ते घेण्याआधी त्याच संचातली सहा फाटकी कार्डं माझ्या पर्समध्ये होती आणि विक्रेत्याच्या टेबलावरच मी ती शेजारी मांडली.