ख्रिस्ती होमस्कूलिंग आणि विज्ञान: पुस्तकं मागवण्याआधी या चुका टाळा

जून महिना, बाहेर धो धो पाऊस, आणि मी सहा वर्षांच्या लेकीला अमेरिकेहून मागवलेल्या ख्रिस्ती होमस्कूलिंगच्या (घरीच शिकवण्याच्या) विज्ञान संचातली मेपलची लाल पानं रंगवायला बसवलं होतं. पहिलाच धडा तिकडच्या पानगळीचा. "आई, हे झाड आपल्याकडे कुठाय?" तिनं विचारलं. कुठेच नव्हतं. खिडकीखालच्या कढीपत्त्यावर मात्र अळ्या होत्या, आणि त्यांच्याकडे आम्ही दोघींनी पाहिलंही नव्हतं.

धडे पुस्तकाच्या क्रमानं घेणं ही आपल्याकडची सर्वांत मोठी चूक. तो क्रम तिकडच्या ऋतूंचा आहे. आपल्याकडे किडे, झाडं, गोगलगायी, बुरशी हे सगळं जून ते सप्टेंबरमध्ये घ्या. आकाशाचा भाग दिवाळीनंतर, ढग गेले की. ध्रुवताराही पुस्तकातल्या चित्रासारखा उंच दिसणार नाही. नगर-पुण्याकडून तो क्षितिजापासून जेमतेम 18-19 अंशांवर असतो, त्यामुळे उत्तरेची मोकळी जागा आधी शोधून ठेवा.

मोनार्क या अमेरिकेतल्या फुलपाखराचा धडा आला तर तो गाळू नका. रुईच्या झाडाकडे जा. रुई मोनार्कच्या आवडत्या झाडाच्याच कुळातली आहे, आणि तिच्यावर मोनार्कच्या नात्यातलं नारिंगी फुलपाखरू अंडी घालतं. कढीपत्ता किंवा लिंबू दारात असेल तर आणखी सोपं. त्यावरची लहान अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार होते. बोट लावलं तर डोक्यामागून दोन शिंगांसारखं काहीतरी बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. बरणीत एक वाळकी काडी उभी ठेवा, तोंडाला जुन्या ओढणीचा तुकडा बांधा, रोज ताजी पानं घाला. खाणं थांबवून तिनं पातळ शी केली की समजा, आता कोश करणार. लेकीनं हे वहीत स्वतःच्या शब्दांत लिहिलं, शीसकट. मी एक अक्षर खोडलं नाही.

आता जास्त नाजूक चूक. मूल विचारतं, "अळी अशी घाणेरडी का दिसते?" आणि आपण म्हणतो, "देवानं तशी केली." उत्तर खरं आहे, पण प्रश्न तिथंच संपतो. देवानं केली, हे आपण मानतोच. कशी केली आणि तिचा त्यात काय फायदा, हे पाहायला त्यानंच डोळे दिलेत. विष्ठा समजून पक्षी तिला सोडून देतात, हे मुलाला कळलं की स्तुती आपोआप होते. आनुवंशिकतेचे नियम शोधणारा ग्रेगोर मेंडेल मठात राहणारा धर्मगुरू होता. 1856 पासून सात-आठ वर्षं तो मठाच्या बागेत वाटाण्याची झाडं वाढवून दाणे मोजत राहिला. हे मुलांना जरूर सांगा. प्रत्येक पानाला बायबलचं एक वचन चिकटवण्याची गरज नाही.

निर्मितीबद्दल पुस्तकाची भूमिका काय आहे हे न बघता पैसे भरू नका. अमेरिकेतले कित्येक ख्रिस्ती प्रकाशक पृथ्वी काही हजार वर्षांचीच मानतात. वनस्पतींच्या पुस्तकात हे फारसं जाणवत नाही, म्हणून नमुना पानं मागवताना डायनासोर, जीवाश्म आणि जलप्रलय यांचीच मागवा. वसईच्या कॅथोलिक घरांनी तर नक्कीच. 1996 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी उत्क्रांती ही गृहीतकापेक्षा अधिक असल्याचं म्हटलं होतं, आणि अशा पुस्तकात नेमकं उलट शिकवलेलं सापडेल. आपल्या पायाखालचा दख्खनचा काळा दगड सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानात 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा धडा आहे. यावर ख्रिस्ती लोकांतच वेगवेगळी मतं आहेत, हे मुलाला आपल्याच तोंडून कळू द्या. नाहीतर सोळाव्या वर्षी त्याला वाटेल की पुस्तक तरी खोटं किंवा आई तरी. पाळकांशी किंवा फादरांशी आधी बोलून घेतलं तर बरं.

साहित्याच्या यादीवर अडून बसू नका. कॉर्न सिरप (मक्याचा गोड पाक) नसेल तर काकवी किंवा मध चालतो. फॅरनहाइट आणि इंच आले की सेल्सिअस आणि सेंटिमीटर शेजारी लिहून ठेवा.

आणि वेळ. सहा-सात वर्षांच्या मुलाला पंधरा-वीस मिनिटं भरपूर झाली. शार्लट मेसन या इंग्लिश शिक्षणतज्ज्ञ (1842–1923) तर सहाव्या वर्षाआधी औपचारिक धडेच नकोत म्हणायच्या. त्या वयात मुलांनी बाहेर राहावं, पाहिलेलं घरी येऊन सांगावं, एवढंच त्यांना हवं होतं. सांगताना मूल घरच्या बोलीत बोललं तर बोलू द्या. इंग्रजी शब्द पुढे येतील. आमच्याकडे 'कोश' आधी आला, 'प्युपा' दोन महिन्यांनी.

वर्षअखेरी आमच्या संचाचे जवळपास अर्धे धडे कोरे राहिले. आता दुसऱ्या वर्षी ते लेकीच्या धाकट्या भावाबरोबर घेते आहे, पावसाळ्यापासून सुरुवात करून.