वालाच्या बियाण्यात वेगळ्या रंगाचे दाणे निघाले तर

भातानंतरच्या वालात एखाद्याच झाडाचे दाणे वेगळ्या रंगाचे निघाले, तर संकर बहुधा गेल्या हंगामातला (पेरताना दुसरा दाणा मिसळला नसेल तर). दाण्याची साल आईझाडाची असते, म्हणून भुंग्याने दुसऱ्या वालाचे परागकण आणून केलेली भेसळ एक पिढी लपून राहते. हे दाणे उसळीत घालवू नका, यातून नवा वाण निवडता येईल. पुढच्या वर्षी वीस-तीस दाणे वेगळ्या वाफ्यात, इतर वालापासून लांब लावा. झाडं नाना तऱ्हेची येतील. आवडलेल्या प्रत्येक झाडाचं बी वेगळ्या पुडीत ठेवा. एकत्र केलंत की निवड संपली! एकेका झाडातली दोन वाणांच्या गुणांची सरमिसळ दर पिढीत साधारण निम्मी होते, त्यामुळे वाण स्थिरावायला पाच-सहा हंगाम लागतात. कळ्या उमलण्याआधी तुऱ्यावर मलमलीची पिशवी बांधा, शेंगा धरल्यावर काढा. वाल भुंग्याविनाही धरतो.