वर्गप्रतिनिधी झालात तर: फळ्यावरच्या नावांविषयी

शाळा सुरू होऊन काही आठवडे झाले की वर्गप्रतिनिधी आणि शालेय मंत्रिमंडळ यांच्या निवडी होतात. कुठे चिठ्ठ्या टाकून गुप्त मतदान होते, कुठे मोबाइलवरच मतदान यंत्र तयार करतात, तर कुठे वर्गशिक्षक सरळ एक नाव जाहीर करून मोकळे होतात. ज्यांची अशी निवड नुकतीच झाली आहे त्यांच्यासाठी मी हे लिहीत आहे. आठवी आणि नववीत मी स्वतः वर्गप्रतिनिधी होते, आणि त्या काळातला एकटेपणा आजही माझ्या मनातून पूर्णपणे गेलेला नाही.

नेहमीची कामे तुम्हाला माहीतच आहेत. परिपाठासाठी सुविचार, दिनविशेष आणि बातम्या कोण वाचणार हे ठरवणे, गृहपाठाच्या वह्या शिक्षकखोलीत पोहोचवणे, 5 सप्टेंबरला शिक्षक होणाऱ्या मुलांचे वेळापत्रक लावणे, 26 नोव्हेंबरला संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन नीट होईल हे पाहणे, ही सगळी कामे महिन्याभरात अंगवळणी पडतात. त्यांची धास्ती घेऊ नका.

धास्ती घ्यावी अशी गोष्ट एकच आहे. तास मोकळा असतो, शिक्षक बाहेर जाता जाता तुमच्या हाती खडू देतात आणि म्हणतात, ‘बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहून ठेव.’ त्या क्षणी हा विश्वासाचा मान वाटतो. प्रत्यक्षात मात्र तुमच्या पदाचा कणा तिथेच मोडतो. साठ मुलांच्या वर्गात कोण बोलले हे एका विद्यार्थ्याला दिसणे शक्यच नसते. दिसतो तो ज्याचा आवाज मोठा आहे तो, किंवा ज्याचे नाव कालही फळ्यावर होते तो. त्यामुळे तीच चार-पाच नावे रोज चढतात, त्यांच्यापुढे फुल्या वाढत जातात आणि पहिल्या बाकावर हळू आवाजात चाललेल्या गप्पा सुटून जातात. शिक्षक परत येतात आणि यादी वाचून शिक्षा करतात. शिक्षा त्यांनी केलेली असते, पण वर्गाच्या लक्षात राहतो तो तुमच्या हातातला खडू. मग कोणी नाव पुसण्यासाठी विनवते, कोणी शाळा सुटल्यावर रस्त्यात अडवते, आणि मधल्या सुट्टीत तुमच्याबरोबर डबा खायला कोणी बसत नाही. माझ्या बाबतीत हे सगळे घडले. सर्वांत जास्त त्रास मात्र याचा झाला की वर्गाने मला काहीही सांगणे बंद केले. ज्याला वर्ग काही सांगत नाही तो वर्गाचा प्रतिनिधी कसा असणार? तो केवळ शिक्षकांचा पहारेकरी उरतो.

याला एक कायदेशीर बाजूही आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या 2009 च्या कायद्यातील 17 वे कलम शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला स्पष्ट मनाई करते, आणि या कायद्यात आठवीपर्यंतचे शिक्षण येते. जी शिक्षा मुळात व्हायलाच नको, तिच्यासाठी याद्या करून देणे हे तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचे काम असूच शकत नाही.

म्हणून निवड झाल्यावर लगेच वर्गशिक्षकांना एकटे भेटा. वर्गासमोर हा विषय काढू नका. ‘सर, नावे लिहिण्याऐवजी मोकळ्या तासाला मी वर्गाला काम देईन आणि किती काम झाले ते तुम्हाला सांगेन,’ एवढे नम्रपणे सांगितले तरी पुष्कळ शिक्षक मान्य करतात. कामही आधीच ठरवून ठेवा: स्वाध्यायातले प्रश्न, गणिताची पाच उदाहरणे, एखाद्या धड्याचे प्रकट वाचन. काही शिक्षक ऐकणार नाहीत, हेही स्पष्ट सांगते. अशा वेळी आज नावे लिहावी लागणार आहेत हे वर्गाला आधी सांगा, फुल्या मारू नका, स्वतः बोललात तर स्वतःचे नाव लिहा आणि मैत्रीखातर कोणाचेही नाव पुसू नका. तुम्ही कोणाचीच बाजू घेत नाही हे दिसले की वर्गाचा राग हळूहळू ओसरतो.

बोलणे आणि इजा होणे यांत मात्र गल्लत करू नका. मारामारी, छेडछाड, कोणाला सतत एकटे पाडणे, घरी मारहाण होत असल्याचे एखाद्याने सांगणे, या गोष्टी ‘चहाडी नको’ म्हणून पोटात ठेवण्याच्या नाहीत. ज्यांच्यावर विश्वास आहे अशा शिक्षकांना त्याच दिवशी सांगा. तेही जमत नसेल तर 1098 हा मुलांसाठीचा मोफत मदतक्रमांक आहे. अशा बाबतीत निर्णय घेणे तुमच्यावर नाही, तुम्ही फक्त योग्य माणसापर्यंत पोहोचायचे आहे.

मार्गदर्शक म्हणून माझा कौल गेल्या वर्षीच्या प्रतिनिधीला आहे. सुट्टीतली नेतृत्वविकासाची शिबिरे मला कधीच उपयोगी वाटली नाहीत. सभागृहाची किल्ली कोणाकडे असते आणि कोणत्या शिक्षकांशी कोणत्या वेळी बोलावे हे तिथे कोणी सांगत नाही. शाळेचे शिपाई मामा आणि कार्यालयातले लिपिक यांच्याशी आदराने वागा, कारण निम्मी कामे तिथेच मार्गी लागतात. इंटरनेटवरून उतरवलेली भाषणे टाळा. सहलीची किंवा निरोप समारंभाची वर्गणी शिक्षकांच्या सहीशिवाय गोळा करू नका; एका मुलाचे पैसे कमी भरले तरी संशय तुमच्यावर येतो. मुलींना सांस्कृतिक मंत्री आणि मुलांना क्रीडामंत्री करण्याची प्रथा अजून अनेक शाळांत आहे. मुलींनो, क्रीडाखाते हवे असेल तर ते मागा.

आणि झेपत नसेल तर पद सोडता येते. मला हे त्या वेळी कोणीच सांगितले नव्हते, म्हणून मुद्दाम सांगते. त्यात कमीपणा नाही आणि प्रगतिपुस्तकावर त्याचा काहीही परिणाम होत नाही. घरी बोला, वर्गशिक्षकांना लेखी कळवा आणि शक्य असेल तर सहामाही परीक्षेनंतर लगेच सोडा, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू होणारी स्नेहसंमेलनाची तयारी नव्या प्रतिनिधीला पहिल्यापासून हाती घेता येते.