गॅसचा बार्बेक्यू धड पेटत नाही? आधी कोळी शोधा

नाशकात थंडी पडली की गच्चीवर बार्बेक्यू निघतो, आणि पावसाळाभर कव्हरखाली पडलेला तो नेमका पाहुणे आल्यावर रुसतो. मागच्या डिसेंबरात आमच्याकडे, गंगापूर रोडला, हेच झालं, पनीर मुरून तयार आणि एक बर्नर नुसता पिवळा भकभकतोय, मी सिलिंडर बदलला, रेग्युलेटर बदलला, आणि शेवटी निघालं काय तर बर्नरच्या नळीत कोळ्याचं जाळं!

म्हणून सुरुवात तिथूनच करा. सिलिंडर बंद, ग्रिल गार झालेलं, मग जाळी काढून बर्नर उचला. नोझल, म्हणजे गॅस सोडणारं बारीक भोकाचं तोंड, जिथे बर्नरच्या नळीत शिरतं तिथे हवेसाठी फट असते, कोळी तिथेच घर करतो. बाटली धुवायचा बारीक ब्रश नळीत आरपार फिरवा, वरची बुजलेली भोकं तारेने मोकळी करा. नोझलमध्ये मात्र सुई-बिई घालू नका, भोक मोठं झालं की गॅस जास्त येतो. परत लावताना नळीचं तोंड नोझलवर नीट बसलंय ना बघा. ज्योत निळी हवी, टोकाला जराशी पिवळी चालेल.

तरीही ज्योत बारीकच? छोट्या 5 किलोच्या सिलिंडरवर सगळे बर्नर फुल्ल ठेवले की सिलिंडरच गार पडतो, अंगावर दव धरतं आणि प्रेशर उतरतं. एखादा बर्नर बंद करा. सिलिंडर गरम करायला जाऊ नका, प्लीज.

खटका दाबून ठिणगीच पडत नसेल तर आधी सेल बदला, मग ठिणगीच्या टोकावरची काजळी पुसा. पेटवताना झाकण कायम उघडं, आणि चार-पाच सेकंदात पेटलं नाही तर नॉब बंद करून पाच मिनिटं थांबायचं, एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने खालीच साठतो.

नळी-रेग्युलेटर परत जोडलं की सांध्यांवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर गळती. काडी ओढून बघणारे काका प्रत्येक सोसायटीत असतात, त्यांना लांब ठेवा. वास थांबत नसेल तर सिलिंडर बंद करून 1906 या गॅसगळतीच्या हेल्पलाइनला फोन लावा.

आणि चिकनची चरबी पडून भडका उडाला तर पाणी नको, नॉब बंद करा, चिकन बाजूला घ्या. दुसऱ्या दिवशी खालचा तेलाचा ट्रे खरवडून काढा, आमच्या ट्रेमध्ये दिवाळीपासूनचं तूप साठलं होतं.