एक महिना डायरी फुल्ल, पुढचा महिना रिकामा? बुकिंग घेताना या चुका टाळा

स्वतःचं काम करणाऱ्या कुणाशीही बोला, फोटोग्राफर असो, ब्युटिशियन असो, घरी जाऊन ट्रीटमेंट देणारी फिजिओथेरपिस्ट असो नाहीतर वेबसाइट बनवणारा असो, तक्रार एकच असते की कामं येतात ती सगळी एकदम येतात आणि नसली की फोनच वाजत नाही. मग खापर फुटतं मार्केटवर, नशिबावर, नाहीतर कमी पैशात काम करणाऱ्या दुसऱ्या कुणावर तरी. पण बऱ्याचदा रिकाम्या महिन्याचं कारण त्या महिन्यात नसतंच, ते दोन-तीन महिने मागे असतं, जेव्हा हातात इतकं काम होतं की पुढचं बघायला फुरसतच नव्हती.

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. काम भरपूर आहे तोवर नवीन चौकशीला धड उत्तर जात नाही, जुन्या क्लायंटची विचारपूस होत नाही, केलेल्या कामाचे फोटो मोबाइलमध्येच पडून राहतात, आणि काम संपलं की मग धावपळ सुरू. पण पहिल्या चौकशीपासून प्रत्यक्ष कामापर्यंत वेळ जातोच ना. हेअरकटला दोन दिवस पुरतात, लग्नाच्या फोटोंसाठी लोक कित्येक महिने आधीपासून शोधायला लागतात, आणि कंपनीचं काम असेल तर कोटेशन, मंजुरी, परत एकदा मीटिंग यात आठवडे जातात. तुमचा हा वेळ किती आहे ते अंदाजाने ठरवू नका. शेवटची दहा-बारा कामं घ्या, पहिला मेसेज कधी आला आणि काम कधी झालं या दोन तारखा समोरासमोर लिहा. साधारण सहा आठवडे निघाले तर याचा अर्थ सरळ आहे, आज केलेल्या मेहनतीचं फळ सहा आठवड्यांनी मिळणार, म्हणजे पुढच्या सहा आठवड्यांची डायरी कितीही गच्च असली तरी त्यानंतरचे आठवडे आत्ताच बघायला लागतात. त्यासाठी आठवड्यातला एक ठराविक तास कॅलेंडरमध्ये टाका आणि क्लायंटची वेळ जशी पाळता तशीच ती पाळा.

दुसरी चूक छोटी वाटते पण तीही बरंच नुकसान करते. काम झालं, क्लायंट खूश आहे, पैसे दिले, आणि आपण म्हणतो, "परत लागलं की सांगा हं." झालं, आता सगळं त्यांच्या लक्षात राहण्यावर. त्याऐवजी तिथल्या तिथे विचारा, "साधारण पाच आठवड्यांनी परत करायला लागेल, तर मंगळवारी सकाळी टाकू की गुरुवारी संध्याकाळी?" यात जबरदस्ती काहीच नाही, कारण कामाचं चक्र ग्राहकापेक्षा आपल्याला जास्त माहीत असतं. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात, म्हणजे कलर केलेल्या केसांची मुळं पाच-सहा आठवड्यांत दिसणारच, हे आधीच सांगितलं तर त्यांचीही ऐनवेळची घाई वाचते. फोटोग्राफरचं काम एकदाच असतं असं वाटतं, पण ज्या घरी नुकतंच बाळ आलंय तिथे पहिला वाढदिवस कधी येणार हे तुम्हाला आजच कळलेलं असतं! तारीख पक्की होत नसेल तर निदान महिना लिहून ठेवा आणि त्याच्या आधी स्वतःहून मेसेज करा.

आपल्याला नेमकी किती बुकिंग हवीत हे बरेच जण मोजतच नाहीत, नुसतं "अजून कामं हवीत" म्हणत राहतात. उदाहरण घ्या. प्रवास, बिलं, सामान आणणं, सुट्टी हे सगळं वजा करून महिन्याला ४० अपॉइंटमेंट नीट होऊ शकतात. त्यातल्या ३० जुन्या क्लायंटच्या आधीच ठरल्यात, म्हणजे नवीन १० हव्यात. चार चौकशांमधली एक पक्की होत असेल तर महिन्याला ४० चौकशा यायला हव्यात. आता येतायत १५, तर अडचण कुठे आहे ते लगेच दिसतं. आणि चौकशा ४० येऊनही बुकिंग चारच होत असतील तर जाहिरात वाढवून काही उपयोग नाही, उत्तर द्यायला उशीर होतोय का, रेट आणि त्यात काय काय मिळणार हे स्पष्ट सांगितलं जातंय का, ते तपासा.

"हो हो, आमचं धरून चला" हे बुकिंग नाही. थोडातरी ॲडव्हान्स आल्याशिवाय तारीख अडकवू नका, आणि तारीख बदलायची असेल तर किती आधी सांगायचं, २४ तास की ४८ तास, हे कन्फर्मेशनच्या त्याच मेसेजमध्ये लिहा. नंतर सांगितलेला नियम लोकांना भांडण वाटतो, आधी सांगितलेला नाही वाटत. आठवण आदल्या रात्री करण्यापेक्षा दोन दिवस आधी करा, म्हणजे कुणी रद्द केलंच तर ती वेळ वेटिंगमधल्या दुसऱ्या कुणाला देता येते. वेटिंगची यादी नसेल तर आजच सुरू करा, "सध्या जागा नाही" एवढंच सांगून माणूस परत पाठवू नका.

रिकामे दिवस दिसले की लगेच सगळ्यांना डिस्काउंट, हे तर करूच नका. जे पूर्ण पैसे देऊन येणारच होते तेही मग पुढच्या वेळी ऑफरची वाट बघत बसतात.

अर्धी बुकिंग वहीत, अर्धी मोबाइलमध्ये, काही डोक्यात, असं असेल तर एकाच वेळेला दोघांना बोलावलं जाणारच. कॅलेंडर एकच ठेवा. स्वतःच्या सुट्ट्या त्यात सगळ्यात आधी टाका. आणि अर्ध्याहून जास्त कमाई एकाच क्लायंटकडून येत असेल तर डायरी भरलेली दिसली तरी ते स्थिर काम नाही, त्यांनी थांबवलं की सगळंच थांबतं.

आता समजा महिना आधीच रिकामा पडलाय. अशा वेळी लोक आधी व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट टाकतात आणि उत्तर येत नाही म्हणून हिरमुसतात, पण ब्रॉडकास्ट लिस्टचा मेसेज ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो, बाकीच्यांपर्यंत तो जातच नाही. त्यापेक्षा दोन याद्या काढा, एक म्हणजे जे दोन-तीनदा येऊन मग यायचे थांबले, आणि दुसरी म्हणजे ज्यांनी चौकशी केली पण पुढे काही ठरलं नाही. प्रत्येकाला वेगळा मेसेज, नावानिशी, मागच्या कामाचा उल्लेख करून, आणि शेवटी दोन मोकळ्या वेळा देऊन. रोज पाच-सहा मेसेज पुरेत, सगळे एकाच दिवशी पाठवले तर उत्तरं सांभाळता येत नाहीत. ज्यांचं उत्तर येईल त्यांना याच महिन्यातली तारीख द्या, आणि काम आटोपून निघताना पुढचीही घेऊन ठेवा.