अंडाशयाच्या गाठीची शस्त्रक्रिया ठरली असेल, तर मनाची तयारी अशी करावी

कोल्हापुरात एखाद्या घरातल्या मुलीचे ‘पोटाचे ऑपरेशन’ ठरले, की मोठ्या बायकांच्या मनात पहिला विचार येतो तो ‘पिशवी काढणार की काय’ हा. तो मोठ्याने कुणी बोलत नाही, पण मुलीपर्यंत पोहोचल्याशिवाय राहत नाही. बाविसाव्या वर्षी माझ्या उजव्या अंडाशयावरची गाठ काढली, तेव्हा भुलीने किंवा टाक्यांनी नव्हे, तर या न बोललेल्या विचाराने माझी झोप उडवली होती. म्हणून शस्त्रक्रियेची तारीख मिळालेल्या मुलीने सर्वांत आधी आपली भीती नेमकी कशाची आहे, हे कागदावर लिहून काढावे.

‘भीती वाटते’ एवढेच लिहून थांबू नये. ‘पुढे मूल होईल ना’, ‘मध्येच जाग आली तर’, ‘मला तिथे कोण कोण पाहील’, ‘लग्न ठरवताना हे सांगावे लागेल का’, असे जे मनात येईल ते त्याच शब्दांत लिहावे. मग लक्षात येते, की यातला पहिला प्रश्न शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचा आहे, दुसरा भूलतज्ज्ञांचा, तिसरा वॉर्डमधल्या सिस्टरांनाही विचारता येण्यासारखा आहे आणि चौथ्याचा दवाखान्याशी संबंधच नाही; तो घरी आईवडिलांशी बोलायचा आहे आणि त्यासाठी शस्त्रक्रियेपूर्वीची घाई नको.

डॉक्टरांना कागदावर चित्र काढून दाखवण्याची विनंती करावी. गर्भाशय, म्हणजे ज्याला आपण पिशवी म्हणतो ते, आणि त्याच्या दोन बाजूंची अंडाशये हे वेगवेगळे अवयव आहेत, हे चित्रात पाहिल्यावर निम्मा गोंधळ जागीच मिटतो. पुष्कळदा केवळ गाठ सोडवून काढली जाते आणि अंडाशय जपले जाते. एक अंडाशय काढावे लागले तरी दुसरे निरोगी असेल, तर पाळी चालू राहते आणि गर्भधारणाही होऊ शकते. तरीही गाठीच्या प्रकारानुसार उत्तर बदलते, म्हणून शेजारणीच्या अनुभवावरून अंदाज न बांधता आपल्या सोनोग्राफीच्या अहवालावर बोट ठेवूनच विचारावे. आईलाही त्या वेळी सोबत बसवावे. तिची भीती कमी झाली, तर घरातले वातावरण आपोआप निवळते.

वयाची 18 वर्षे पूर्ण झालेल्या मुलीच्या संमतिपत्रावर सही तिची स्वतःची असते. सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली समीरा कोहली यांच्या खटल्यात हे स्पष्ट केले आहे. दुर्बिणीच्या तपासणीसाठी भूल दिली असताना, बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन समीरा यांचे गर्भाशय आणि अंडाशये काढण्यात आली होती. रुग्ण सज्ञान असताना आणि जीव तातडीने धोक्यात नसताना अशी संमती पुरेशी नाही, असे न्यायालयाने ठरवले. तेव्हा ‘आत वेगळे काही आढळले तर काय करणार’ हे आधी विचारावे आणि जे ठरेल ते संमतिपत्रात लिहून घ्यावे. यात उद्धटपणा काहीच नाही.

अविवाहित मुलींची सर्वांत मोठी घुसमट तपासणीची असते. पोटावरून सोनोग्राफी करता येते. योनीमार्गातून तपासणी करायची असेल, तर आधी विचारून तुमचा होकार घेतला पाहिजे. शस्त्रक्रियेच्या वेळी त्या मार्गाने एखादे उपकरण घालणार का, लघवीची नळी लावणार का, हेही आधीच विचारावे, म्हणजे शुद्धीवर आल्यावर धक्का बसत नाही. डॉक्टर पुरुष असतील, तर तपासताना स्त्री कर्मचारी हजर ठेवण्यास सांगण्याचा हक्क तुम्हाला आहे. शारीरिक संबंधांविषयी विचारले आणि आईसमोर उत्तर देणे अवघड वाटले, तर ‘मला एकटीला बोलायचे आहे’ असे सांगावे आणि खरे तेच सांगावे; हा प्रश्न चारित्र्याचा नसून गर्भधारणा नाही ना, याची खात्री करण्यासाठी असतो.

भूलतज्ज्ञ केवळ झोपवून निघून जात नाहीत. शस्त्रक्रिया संपेपर्यंत ते श्वास, नाडी आणि रक्तदाब यांवर लक्ष ठेवून असतात. दमा, ॲलर्जी, चालू गोळ्या यांच्याबरोबरच ‘मला फार भीती वाटते’ हेही त्यांना स्पष्ट सांगावे. गरज वाटल्यास ते औषध देतात; झोपेची गोळी आपल्या मनाने कधीही घेऊ नये. आदल्या रात्री तांबडा-पांढरा रस्सा टाळून हलके जेवावे. साधारणपणे अन्न 6 तास आधी आणि साधे पाणी 2 तास आधी बंद करतात, पण दवाखान्याने दिलेली वेळच पाळावी. सकाळी कुणी मायेने ‘घोटभर चहा घे’ म्हटले तरी घेऊ नये, कारण दुधाचा चहा पाण्यात मोजला जात नाही. नेलपॉलिश पुसावे; चमकी, बांगड्या, मंगळसूत्र घरीच ठेवावे. ऐन वेळी दारात ते उतरवताना अनेकींना रडू येते.

नातेवाइकांपैकी कुणाला काय सांगायचे, हे घरात बसून एकदाच ठरवावे आणि फोन घेण्याचे काम भावाकडे किंवा मावशीकडे सोपवावे. अंबाबाईला नवस बोलून धीर येत असेल, तर अवश्य बोलावा. रात्री छाती धडधडू लागली, तर नाकाने सावकाश श्वास घेऊन त्याहून जास्त वेळ लावून सोडावा. पाच-सात मिनिटांत धडधड बहुधा उतरते. तरी मन आवरेना झाले, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते. मात्र तारखेची वाट पाहत असताना ओटीपोटात एकाएकी असह्य कळ येऊन उलट्या सुरू झाल्या, तर ती घबराट समजून घरी थांबू नये. गाठीमुळे अंडाशयाला पीळ पडलेला असू शकतो, म्हणून लगेच दवाखाना गाठावा.

आणखी एक गोष्ट मला आधी कुणी सांगितली नव्हती. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात आणि त्यामुळे नंतर एक-दोन दिवस खांदा दुखू शकतो. पोटाचे ऑपरेशन झाले आणि खांदा का दुखतो, या विचाराने मी पहिली रात्र जागून काढली. सकाळी सिस्टरांनी कारण सांगितले आणि हात धरून मला वॉर्डमधून दोन फेऱ्या मारायला लावल्या.