ऊसवाहतूक सल्ला: ट्रॉली मागून बघा

गाळप तोंडावर आलं की ट्रॅक्टर सर्व्हिसिंगला जातो, टायर बदलतात, टेपची वायरिंग नवी होते. ट्रॉलीच्या मागं जाऊन मात्र कुणी बघत नाही. हा सल्ला त्या मागच्या बाजूसाठी आहे. बाकी सगळं एखादा आठवडा पुढं ढकललं तरी चालेल, हे पहिल्या खेपेच्या आधी करा.

मागच्याच्या मागच्या हंगामात आमच्या शिवारातली जोडट्रॉली रात्री आठच्या सुमारास पंक्चर झाली. ड्रायव्हर चाक घेऊन पंक्चरवाल्याकडं गेला. टेललाइटची वायर तुटलेली, रिफ्लेक्टर होते पण त्यांच्यावर वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधलेल्या. मोटारसायकलवाला थेट उसात घुसला, पाय मोडला. पंचनामा होऊन तो ऊस दुसऱ्या ट्रॉलीत भरून काट्यावर जाईपर्यंत तिसरा दिवस उजाडला. तोडल्यापासून चोवीस तासांत ऊस गाळला जावा, त्यापुढं वजनही घटतं आणि साखरेचा उताराही. वर विम्यात ट्रॅक्टर होता, ट्रॉली नव्हतीच.

रिफ्लेक्टर नसतात असं नाही. ते झाकलेले असतात. मोळ्या मागं लोंबतात, वैरणीसाठी वाढे टांगले जातात, फडातला चिखल बसतो. म्हणून:

मागं लाल, बाजूला पिवळी, पुढं पांढरी परावर्तक पट्टी. साधारण दोन इंच रुंद, चांगल्या प्रतीची. चमकी कागद घेऊ नका, पहिल्या दवात तो निघतो.

ऊस भरून दोर आवळल्यावर, सगळ्यात शेवटी, उसाच्या बाहेरून कापडी रिफ्लेक्टर बांधा. हंगामाच्या सुरुवातीला बरेच कारखाने आणि आरटीओ ते वाटतात. आणलेला रिफ्लेक्टर टूलबॉक्समध्ये ठेवू नका. जोडट्रॉली असेल तर दोन्हींना बांधा.

दर खेपेला ओल्या फडक्यानं पुसा. मग पन्नास पावलं मागं जाऊन मोबाइलची बॅटरी मारा. ही पन्नास पावलं कुठल्या पुस्तकातली नाहीत, माझी आहेत. तेवढ्यावरून चकाकलं नाही तर ट्रॉली हलवू नका. डिसेंबर-जानेवारीत नदीकाठाला पहाटे धुकं उतरतं, तेव्हा तर शक्यतो उजाडल्यावरच निघा. कारखान्यात ऊस टाकतात त्या गव्हाणीवरचा नंबर दोन तासांनी गेला तरी चालेल.

नवी ट्रॉली घेणाऱ्यांसाठी थोडं. विक्रेता आधी मोठं माप दाखवेल, मग हायड्रॉलिक, मग रंगीत एलईडीची माळ. माळ मागच्याचे डोळे दिपवते, कामाची नाही. उसाला चारचाकी बरी. दोनचाकी डंपिंग शेणखताला सोयीची, पण तिचा भार हुकावर येतो: पुढं जास्त भरली तर ट्रॅक्टरचं तोंड उचलतं, मागं जास्त भरली तर ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड सुटते. गावातल्या वर्कशॉपची ट्रॉली स्वस्त आणि कधी कधी जास्त दणकटही असते, पण तिच्या बनावटीला मान्यता नसेल तर नोंदणी अडते, आणि नोंदणी नाही तर विम्याचंही अवघडच. पैसे मोजण्याआधी नमुना 21 (विक्रीचा दाखला) आणि नमुना 22 (वाहन रस्त्यावर चालवण्यालायक असल्याचा बनवणाऱ्याचा दाखला) हातात घ्या. ‘कागद मागून देतो’ म्हणणाऱ्याकडून घेऊ नका.

कागद आणि नंबर:
- ट्रॉलीची वेगळी नोंदणी. तिचा नंबर बाजूवर
- ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा नंबर शेवटच्या ट्रॉलीच्या मागं (मोटार वाहन कायदा 1988, कलम 61)
- पॉलिसीत ट्रॉलीचा उल्लेख. भाड्यानं वाहतूक करत असाल तर तेही विमा काढतानाच सांगा
- ड्रायव्हरचं चालू लायसन्स
- ट्रॉलीत माणसं नाहीत

भार आरसी बुकात लिहिलाय तेवढाच. जादा भाराला 20,000 रुपये दंड आणि वर दर जादा टनाला 2,000. बाजूनं, मागं किंवा उंचीला मर्यादेबाहेर माल गेला तरी 20,000. काट्याची पावती हाच तुमच्याविरुद्धचा कागद ठरू शकतो, एवढं मुकादमाला समजावून सांगा.

खेपेआधी:
- हुकाची पिन, तिची खालची क्लिप, साखळी
- चाकांचे नट, हवा, बेअरिंगचं ग्रीस
- टेललाइट, इंडिकेटर
- रस्त्यावर दोन्ही ब्रेक पॅडल कडीनं जोडलेले
- उतारावर न्यूट्रल नाही, चढ चढला तोच गिअर

गाडी बंद पडली तर आधी डांबरावरून खाली घ्या. जमलं नाही तर मागं लांबवर त्रिकोण ठेवा आणि एक माणूस बॅटरी घेऊन उभा करा. चाकाला लाकडी उटी (पाचर) लावा, ती ट्रॉलीला दोरीनं बांधलेली असू द्या. आपल्याकडं दगड लावतात, चाक बदललं की ट्रॅक्टर निघून जातो आणि दगड रस्त्यावर तसाच राहतो. गेल्या हंगामात असे तीन दगड मी स्वतः उचलून कडेला टाकले, त्यातला एक आमच्याच टोळीच्या ड्रायव्हरचा होता.